तक्ते वेगळे चालतील, तारीख वेगळी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात पुनर्विकासावर बरंच छापून येतं, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं) किती, कॉर्पस (बिल्डर देतो तो निधी) किती, कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) किती वाढवून मागायचं वगैरे. पण सभेत बिल्डर जो रंगीत पट्ट्यांचा तक्ता दाखवतो, ज्याला साइटवर आम्ही बार चार्ट म्हणतो आणि कॉलेजात गँट चार्ट म्हणून शिकवतात, तो बनतो कसा आणि वाचायचा कसा यावर कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. मी बांधकामात प्लॅनिंगचं काम करतो, म्हणजे दिवसभर एक्सेल उघडून बसायचं आणि साइटवरून फोन आला की पट्ट्या सरकवायच्या, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापलंत तरी चालेल, फक्त तारखांचा भाग कापू नका.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. एकाच कामाचे चार जणांसाठी चार वेगळे तक्ते करणं यात काही गैर नाही, उलट ते केलेच पाहिजेत. लग्न एकच असतं, पण आचाऱ्याला द्यायची यादी वेगळी, गुरुजींची वेगळी आणि पाहुण्यांना जाते ती पत्रिका वेगळी, मुहूर्त मात्र तिन्हीकडे तोच. आमच्या धंद्यात गडबड होते ती अशी की तक्ते चार होतात आणि त्याबरोबर मुहूर्तही चार होतात. बँकेच्या तक्त्यात ताबा मार्चमध्ये, सभासदांच्या तक्त्यात दिवाळीत, विक्रीच्या ब्रोशरमध्ये त्याच्याही आधी, आणि साइटवरच्या मुकादमाला विचारलं तर तो नुसता हसतो.

मध्यंतरी एका सोसायटीच्या एसजीएमला, म्हणजे विशेष सर्वसाधारण सभेला, ओळखीने जाऊन बसलो होतो, सोसायटीचं नाव नको. प्रोजेक्टरवर तक्ता लावला होता तो सरळ प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला, दोन-अडीचशे ओळी, अक्षरं मुंग्यांएवढी, निळ्या-लाल पट्ट्या आणि त्यांच्यात इकडून तिकडे जाणारे बाण. बिल्डरचा माणूस पॉइंटर फिरवत 'क्रिटिकल पाथ', 'फ्लोट' असलं काही बोलत होता. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "अहो, आमचं भाडं कधीपर्यंत चालू राहणार ते यात कुठे आहे?" तो माणूस खाली-वर स्क्रोल करत बसला आणि सापडेना, कारण ते त्यात नव्हतंच! भाडं म्हणजे नवं घर मिळेपर्यंत बाहेर राहायला बिल्डर सभासदांना देतो ते, पण ते त्याच्या लेखी काम नाही, मग त्याची पट्टी कशाला असेल. आणि गंमत म्हणजे त्या सभागृहातल्या बहुतेकांना तेवढं एकच जाणून घ्यायचं होतं. तक्ता चुकीचा नव्हता हो, उलट मेहनतीने केलेला होता, पण तो आमच्यासारख्या प्लॅनिंगवाल्यांसाठी होता आणि लावला होता काकूंसमोर.

आता हा तक्ता येतो कुठून ते सांगतो. मोठ्या कंपन्यांत प्रायमाव्हेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट असतं, पण आपल्याकडच्या बहुतेक पुनर्विकासाच्या कामांत, सात मजले-बारा मजले, एखाद-दुसरी विंग, अशा ठिकाणी सगळा प्लॅन एक्सेलमध्येच असतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पट्ट्यांचा तक्ता तसा कॉम्प्युटरच्या फार आधीचा. अमेरिकेतल्या हेन्री गँट नावाच्या इंजिनिअरने १९१०च्या दशकात कारखान्यांसाठी तो वापरात आणला म्हणून त्याचं नाव लागलं, खरं तर पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने १८९६ मध्येच असं काहीतरी केलं होतं, पण त्याने लिहिलं पोलिश आणि रशियनमध्ये, त्यामुळे नाव झालं गँटचं. असो.

शीटमध्ये लागतं ते थोडंच. कामाचं नाव, सुरुवात, किती दिवस, शेवट, त्याच्या आधी कोणतं काम संपायला हवं, करणार कोण, आणि आजपर्यंत किती टक्के झालं. एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात. मी याला अजून तीन कॉलम जोडायला सांगतो, मूळ सुरुवात, मूळ शेवट आणि 'कोणासाठी'. पहिल्या दोघांवर नंतर येतो कारण सगळं भांडण तिथेच आहे. तिसऱ्यात प्रत्येक ओळीपुढे नुसतं लिहायचं की ही ओळ सभासदांना दाखवायची, बँकेला दाखवायची की साइटपुरतीच आहे, एखादी तिघांनाही. मग त्या कॉलमला फिल्टर लावला की बाकीच्या ओळी लपतात, आणि एक्सेलचा चार्ट लपलेल्या ओळी मुळात काढतच नाही, म्हणजे तशी सेटिंग आधीपासूनच असते, त्यामुळे फिल्टर बदलला की तोच चार्ट आपोआप छोटा किंवा मोठा होतो. शीट एक, तारखा एक, तक्ते हवे तेवढे. हे साधं सोडून लोक काय करतात तर 'सभासदांसाठी' म्हणून फाइलची कॉपी मारतात, मग 'बँक फायनल', मग 'बँक फायनल २', आणि एका कॉपीत तारीख बदलली की दुसरीत बदलायची राहते. मुहूर्त वेगळे होण्यामागे दर वेळी लबाडीच असते असं नाही, निम्म्या वेळा ही कॉपी-पेस्टच असते.

पट्ट्या काढायची युक्ती पण सोपी आहे. एकावर एक रचलेला आडवा बार चार्ट घ्यायचा, त्यात पहिला भाग सुरुवातीच्या तारखेचा आणि दुसरा दिवसांचा, आणि पहिल्या भागाचा रंग काढून टाकायचा, की पट्टी बरोबर आपल्या तारखेपासून हवेत तरंगायला लागते. कामं उलटी दिसतात, म्हणजे शेवटचं काम सगळ्यात वर, ते सेटिंगमध्ये जाऊन उलटवून घ्यायचं. तारखांच्या अक्षावर किमान किंमत म्हणून ४६०२३ असला आकडा दिसला की नवीन पोरं दचकतात, तो काही बिघाड नाही, एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजतं आणि १ जानेवारी २०२६ हा त्याच्या हिशेबात ४६०२३ वा दिवस.

दिवसांचा हिशेब मात्र नीट करा. साइटला सुट्टी फक्त रविवारी, शनिवार-रविवार नाही, त्यामुळे एक्सेलचा साधा वर्कडे फॉर्म्युला वापरला तर तो शनिवारही सोडतो आणि प्लॅन उगाच लांबतो. वर्कडे डॉट इंटल म्हणून दुसरा आहे, त्यात ११ आकडा टाकला की सुट्टी फक्त रविवारची. आणि दिवसांतून एक वजा करायचा, कारण तो सुरुवातीचा दिवस धरत नाही, नाहीतर प्रत्येक काम एक दिवस उशिरा संपतं आणि एकामागे एक पन्नास कामं असली की दोन महिने हवेत जातात. पण त्यातही मेख आहे, काँक्रीटला रविवार नसतो! क्युरिंग, म्हणजे काँक्रीटला पाणी मारत राहणं, रविवारीही चालू असतं, स्लॅबखालच्या टेकूंचे दिवस रविवारीही मोजले जातात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस काढायचे नाहीत. ही कामं कॅलेंडरच्या दिवसांत मोजायची आणि शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा), लोखंड, ब्लॉकवर्क, प्लास्टर ही माणसांच्या दिवसांत. सभेत दाखवलेल्या तक्त्यात सगळे स्लॅब सरसकट सात-सात दिवसांचे दिसले, अगदी पहिला स्लॅबसुद्धा, तर समजा की साइट इंजिनिअरला विचारलेलंच नाही, कारण पहिले दोन-तीन स्लॅब शटरिंगची टीम बसेपर्यंत जास्तच खातात.

एक अजून, हे एकदा बघून ठेवा, फार माणसं यात फसतात. ज्युनिअर इंजिनिअर साइटवरून शीट पाठवतो, त्याने टाकलंय ५/८ म्हणजे ५ ऑगस्ट, पण त्याच्या लॅपटॉपवर तारखेची पद्धत अमेरिकन ठेवलेली असते, मग एक्सेल ते ८ मे समजतं आणि पट्टी गुपचूप तीन महिने मागे जाऊन बसते, पावसाच्याही आधी. कुणाला शंकाही येत नाही कारण पट्टी दिसतेय ना. आणि त्याच्याच खाली २५/८ लिहिलेलं असतं, पंचविसावा महिना नसतोच, म्हणून एक्सेल ते तारीख न मानता नुसता मजकूर मानतं, अशी नोंद सेलच्या डाव्या बाजूला चिकटून बसते आणि खरी तारीख उजवीकडे असते, एवढ्यावरून ती ओळखता येते. चार्टमध्ये त्या कामाची पट्टी धड उमटत नाही. मी म्हणून महिना नेहमी अक्षरांत लिहायला लावतो, ५ ऑगस्ट म्हणजे ५ ऑगस्ट, कुठल्याही लॅपटॉपवर. आणि शीट सुंदर दिसावी म्हणून सेल मर्ज करणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे, फिल्टरची वाट लागते.

आता कोणाला काय दाखवायचं. साइटवरच्या मुकादमाला पुढच्या तीन वर्षांचं काहीच घेणं नाही, त्याला पुढचे तीन आठवडे पाहिजेत, रोजचे, कोणाची टीम कुठल्या मजल्यावर. त्यासाठी चार्ट काढूच नका, सरळ शीटमध्ये वर तारखांची रांग, डावीकडे कामं, आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने, म्हणजे तारीख बसली की आपोआप, रंगलेल्या चौकटी, ए-थ्री कागदावर प्रिंट काढून साइट ऑफिसच्या भिंतीला लावायचं. लिहायचं हिंदीत, कारण सेंटरिंगवाले आणि फिटर बाहेरचे असतात, आणि रंगांवर भिस्त ठेवायची नाही कारण साइटचा प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट असतो, लाल आणि हिरवं दोन्ही एकसारखंच राखाडी येतं, मग चौकटीत अक्षर टाकायचं, श म्हणजे शटरिंग, लो म्हणजे लोखंड, का म्हणजे काँक्रीट. लोखंड बांधणारा आणि इलेक्ट्रिकचे पाइप टाकणारा एकाच स्लॅबवर एकाच दिवशी आले की भांडणं ठरलेली, ती या कागदावर आदल्या आठवड्यातच दिसतात. त्यावर पेनाने खुणा केलेल्या असल्या की समजायचं तक्ता वापरात आहे, कोरा करकरीत राहिला तर तो फक्त व्हिजिटला येणाऱ्या साहेबांसाठी लावलाय.

बँकेला आणि नवीन फ्लॅट घेणाऱ्याला पट्ट्यांत रस नसतो, त्यांना टप्पे हवेत, कारण पैसे टप्प्यांवर सुटतात. महाराष्ट्रात रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याच्या, नमुना करारात कमाल मर्यादा ठरवून दिलीय, प्लिंथ (जोतं) झाला की एकूण किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब झाले की ७० टक्क्यांपर्यंत, आतल्या भिंती, प्लास्टर, फ्लोअरिंग, दारं-खिडक्या झाल्या की ७५ टक्क्यांपर्यंत, असं पुढे चढत जातं. म्हणून या लोकांच्या तक्त्यात दहा-बारा चौकोनी ठिपके पुरतात, प्रत्येकावर तारीख आणि त्या टप्प्याला किती टक्के. आकड्यांवरूनच बघा, प्लिंथ ते शेवटचा स्लॅब यात २५ टक्के आणि त्यानंतरच्या भिंती, प्लास्टर, फ्लोअरिंग सगळ्याला मिळून फक्त ५. त्यामुळे स्लॅब झपाझप चढतात आणि त्यानंतर आतलं काम रेंगाळतं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. कर्ज घेतलेल्या माणसाने या ठिपक्यांच्या शेजारी आपला हप्ता कधी वाढणार ते पेन्सिलीने लिहून ठेवावं.

आणि सभासद. हा सगळ्यात अवघड श्रोता, कारण घर त्याचं, माहिती मात्र त्याला सगळ्यात कमी. त्याच्या तक्त्यात दहा-बारा ओळींच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. सगळ्यात वरची पट्टी भाड्याची, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, वर्ष बदलून भाडं वाढणार असेल तर तिथे रंग बदलायचा. मग घर रिकामं करणं, जुनी इमारत पाडणं, खोदकाम आणि पाया, प्लिंथ, स्लॅब (सगळे मिळून एकच पट्टी, त्यावर कितवा स्लॅब कधी ते बारीक आकड्यांत), भिंती-प्लास्टर, फ्लोअरिंग आणि आतली कामं, बाहेरचं प्लास्टर-रंग, लिफ्ट, आणि मग परवानग्या. महिने मराठीत, आणि जून ते सप्टेंबर हा पट्टा उभा फिकट निळा करून ठेवायचा, प्रत्येक वर्षी. तो निळा पट्टा खोदकामाच्या पट्टीवर पडतोय का, हे शाळेतला पोरगाही सांगेल, आणि पडत असेल तर त्याच सभेत विचारता येतं की पावसात खड्डा खणून तुम्ही त्यातलं पाणी उपसत बसणार का. तसंच होळी आणि दिवाळी-छठच्या दिवसांवर खूण, कारण तेव्हा मजूर गावी जातो आणि लगेच परत येत नाही. शाळा जूनला सुरू होते, तेव्हा ताबा ऑगस्टमध्ये आहे म्हणजे पोरांचं अजून एक वर्ष भाड्याच्या घराजवळच्या शाळेत, हे आईबापांना तक्त्यावरून एका नजरेत कळतं.

परवानग्यांची ओळ मी मुद्दाम वेगळी काढली, कारण जवळजवळ प्रत्येक तक्त्यात ती गायब असते. इमारत रंगून तयार दिसते, खाली गेटला झेंडूचं तोरण, आणि तरी किल्ली मिळत नाही, का तर फायर ब्रिगेडची शेवटची एनओसी, लिफ्ट इन्स्पेक्टरचं लायसन्स, ड्रेनेजचं आणि पाण्याचं कनेक्शन, आणि मग भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, हे सगळं व्हायचंय. सुरुवातीलाही तेच, मुंबईत आयओडी (आराखड्याला अटींसह मिळणारी मंजुरी), मग सीसी (काम सुरू करायचा दाखला), आणि प्लिंथ तपासून झाल्यावर पुढची सीसी. यातलं एकही काम बिल्डरच्या हातात पूर्ण नसतं हे मान्य, पण म्हणूनच तर त्यांना पट्टी पाहिजे, लांब आणि फिकट असली तरी चालेल. तक्ता 'बाहेरचा रंग' या ओळीवर संपत असेल तर तो इमारतीचा तक्ता आहे, तुमच्या घराचा नाही.

हे सगळं मोबाइलवर बघितलं जातं हेही लक्षात घ्या. ए-थ्री आडवा तक्ता व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की तो इतका दाबला जातो की महिन्यांची नावंसुद्धा वाचता येत नाहीत, मग आजोबा नातवाला विचारतात आणि नातू अंदाजे सांगतो. सभासदांचा तक्ता उभा करायचा, एका बोटाने वर-खाली होईल असा, आणि फोटो न पाठवता पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'या तारखेपर्यंतची माहिती' आणि तारीख. ती नसली की दोन वर्षांपूर्वीचा तक्ता पुन्हा ग्रुपवर फिरतो आणि रात्री अकराला वाद सुरू होतात.

आता मूळ तारखांचे ते दोन कॉलम. प्लॅन बदलतो, बदलणारच, पाऊस लांबतो, खाली खडक लागतो, कोर्टात कुणी जातं. प्रश्न बदलाचा नाही. प्रश्न असा आहे की एक्सेलमध्ये नवी तारीख टाकली की जुनी पुसली जाते आणि तिचा मागमूस राहत नाही, पट्टी नव्या जागी तितकीच ताजीतवानी दिसते जणू ती तिथेच होती. म्हणून कामाला सुरुवात होते त्या दिवशी मूळ सुरुवात आणि मूळ शेवट हे कॉलम भरायचे आणि तेवढ्या दोन कॉलमना कुलूप लावून टाकायचं, नंतर कोणीही, मी धरून, त्याला हात लावायचा नाही. चार्टमध्ये मूळ पट्टी बारीक राखाडी आणि तिच्या खाली आत्ताची रंगीत, आणि आजच्या तारखेची एक उभी रेघ. बस. असा तक्ता दर तीन महिन्यांनी समोर आला की कोणाला भाषणाची गरज उरत नाही, राखाडी आणि रंगीत यांच्यातलं अंतर वाढतंय की कमी होतंय हे मागच्या रांगेतूनही दिसतं.

माझ्या धंद्यातले लोक यावर म्हणतात की मूळ पट्टी दाखवली तर लोक विनाकारण घाबरतात, फोन करून भंडावून सोडतात, म्हणून सभासदांच्या तक्त्यात चार-सहा महिने लपवून ठेवलेले बरे, बँकेला मात्र घट्ट तारीख द्यावी. मला हे पटत नाही. जादा वेळ ठेवायचा तर ठेवा, ठेवलाच पाहिजे, पण त्याची वेगळी पट्टी काढा, रेघारेघांची, त्यावर लिहा 'पाऊस आणि परवानग्यांसाठी राखीव', आणि तीच पट्टी बँकेच्याही तक्त्यात दिसू द्या. लपवलेले महिने शेवटी भाड्याच्या चेकमध्ये बाहेर येतातच, आणि तेव्हा विश्वास गेलेला असतो तो वेगळाच.

सभासदांना हे तपासणंही फार कठीण नाही. रेरा कायदा २०१६चा, आपल्याकडे महारेरा, म्हणजे त्यासाठीचं राज्याचं प्राधिकरण, मे २०१७ पासून चालू आहे, प्रकल्पाची पूर्ण होण्याची तारीख त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते आणि बिल्डरला दर तिमाहीला प्रगती तिथे टाकावी लागते, त्यात आर्किटेक्टच्या सर्टिफिकेटमध्ये खोदकाम, प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर असं एकेक काम किती टक्के झालं ते लिहिलेलं असतं. सभेतल्या तक्त्यातले टक्के आणि तिथले टक्के शेजारी ठेवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. २०२३च्या ऑगस्टपासून जाहिरातींवर क्यूआर कोडही सक्तीचा झालाय, मोबाइल धरला की प्रकल्पाचं पान उघडतं. कायद्याच्या कलम ११ मध्ये तर असंही आहे की बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याला कामाचं टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक, पाणी-वीज-सांडपाण्याच्या सोयींसकट, द्यायला पाहिजे. किती जण ते मागून घेतात? सॅम्पल फ्लॅट बघतात, बाल्कनीत सेल्फी काढतात आणि टोकन देऊन येतात.

पण एक बारीक गोष्ट, रेराचा भर मुख्यतः विकत घेणाऱ्यावर आहे. पुनर्विकासातल्या जुन्या सभासदाचा खरा आधार म्हणजे त्याचा डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट, आणि त्यात सहसा एकच ओळ असते, अमुक महिने आणि वर अमुक महिने ग्रेस. ते महिने मोजायचे कुठून, घर रिकामं केल्यापासून की सीसी मिळाल्यापासून, यावरच निम्मे वाद होतात. म्हणून माझं म्हणणं, मूळ तारखांचा तो तक्ता, दहा-बारा ओळींचा, करारालाच जोडपत्र म्हणून लावून घ्या, दोन्ही बाजूंच्या सह्यांसकट, आणि पहिल्या पट्टीची सुरुवात कशावरून धरली ते त्यावरच लिहा. आणि दर तिमाहीला सुधारलेला तक्ता त्याच स्वरूपात मिळेल असंही लिहून घ्या, कारण दर वेळी नवीन रंगात नवीन डिझाइनचा तक्ता आला की आधीच्याशी ताडून बघताच येत नाही. वकील म्हणतील याची गरज नाही. त्यांना सांगा भाडं आम्ही भोगणार आहोत.

शेवटी आपल्याकडे एक मागणी आहे, कारण पेपर वाचणारा हाही एक श्रोताच आहे आणि त्याला तर कोणी तक्ता देतच नाही, तारखा देतात. अंधेरीचा गोखले पूल घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू सुरू झाली, मे २०२५ मध्ये पूर्ण झाला. मधल्या काळात डेडलाइन किती वेळा सरकली आणि प्रत्येक वेळी बातमी आली ती फक्त 'नवी तारीख जाहीर' अशी. मुंबई-गोवा हायवेचं तर बोलायलाच नको, त्याची राखाडी पट्टी काढायची तर कागद पुरणार नाही. बातमीत नवी तारीख आली की वाचकाला जुनी आठवत नाही, आणि ज्यांनी ती दिली होती त्यांना तर आठवून चालतच नाही. तेव्हा पुलाची, मेट्रोची, हॉस्पिटलची, कशाचीही मुदतवाढीची बातमी छापताना शेजारी दोन रेघा छापा, वर राखाडी म्हणजे पहिल्यांदा सांगितलेली, खाली काळी म्हणजे आत्ताची, दोन्हीखाली महिना आणि वर्ष. एका कॉलमच्या रुंदीत बसतं, मी मापून बघितलंय, आणि डेस्कवर एक्सेल येणारं कोणी नसेल तर शीट मी पाठवतो.

आपला,
एक प्लॅनिंग इंजिनिअर, ठाणे